कोचला द्रोणाचार्य, आदिवासी शाळेला एकलव्य : आमच्या पोरांच्या फुटबॉलचा प्रश्न

मागच्या पावसाळ्यात आम्ही गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडच्या एका आश्रमशाळेची पोरं घेऊन शालेय फुटबॉल स्पर्धेला गेलो होतो. पहाटे चारला निघालो. वाटेत नाल्यावरून पाणी वाहत होतं, म्हणून काळी-पिवळी दोन तास अलीकडेच थांबली. मैदानावर पोचलो तेव्हा सामन्याची वेळ होऊन गेली होती. हातापाया पडून खेळायला मिळालं. समोर शहरातली शाळा, आठवड्यातून पाच दिवस कोचिंग घेणारी. आम्ही नऊ गोल खाल्ले, एकही केला नाही.

सामना संपल्यावर एक पाहुणे आमच्याजवळ आले. पोरांच्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "दम आहे हो तुमच्या पोरांत! जंगलातली पोरं, नॅचरल टॅलेंट. थोडं पॉलिश पाहिजे फक्त." आम्ही हो म्हणालो. तिथे भांडण्याची वेळ नव्हती.

परतताना आमच्या गोलकीपरने विचारलं, "सर, आता आपली मॅच कवा आहे जी?" पुढच्या वर्षी, आम्ही सांगितलं. तो खिडकीबाहेर पाहत राहिला. पुढच्या वर्षी तो त्या वयोगटात बसणार नव्हता. म्हणजे त्याच्या शालेय फुटबॉलचं सगळं आयुष्य त्या एका सकाळीत संपलं होतं.

साथींनो, हा लेख त्या पाहुण्यांना उत्तर आहे. तिथे दिलं नाही, इथे देतो.

"नैसर्गिक गुणवत्ता" हा शब्द ऐकला की आमचे कान उभे राहतात. आदिवासी, दलित, बहुजन पोरांबद्दल बोलताना तो हमखास येतो. शहरातल्या सोसायटीतलं पोर चांगलं खेळलं तर "मेहनत केली, चांगला कोच मिळाला" असं म्हणतात. आमचं पोर चांगलं खेळलं तर ते रक्तातच होतं, जंगलाने दिलं, डोंगर चढून पाय मजबूत झाले. कौतुकाच्या भाषेत ही जुनीच विभागणी आहे. शरीर तुमचं, ज्ञान आमचं. तुम्ही पळा, कुठे पळायचं ते आम्ही ठरवू. आणि ज्याच्याकडे सगळं निसर्गानेच दिलेलं आहे, त्याला शिकवायला पैसे कशाला खर्च करायचे? या कौतुकाचा हिशेब शेवटी असा निघतो.

नावंसुद्धा बघा. या देशात उत्तम प्रशिक्षकाला 1985 पासून जो राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो त्याचं नाव द्रोणाचार्य. आदिवासी मुलांसाठी केंद्र सरकारने काढलेल्या निवासी शाळांचं नाव एकलव्य. ज्याने आदिवासी पोराला शिकवायचं नाकारलं आणि न शिकवता फी म्हणून अंगठा कापून घेतला, तो आदर्श कोच. ज्याला कोच मिळाला नाही, तो आदर्श आदिवासी विद्यार्थी. आम्हाला वाटतं नाव ठेवणाऱ्यांना यात काही खटकलंही नसेल, आणि तेच जास्त गंभीर आहे. पुरस्कार मिळवणाऱ्या प्रशिक्षकांचा यात दोष नाही. त्यांतल्या कितीतरी जणांनी गरीब पोरं घडवली आहेत. पण मूळ कथेत एकलव्याची गुणवत्ता कोणी नाकारलीच नव्हती. नाकारलं होतं ते प्रशिक्षण.

पळवणकर बाळू हे नाव आपल्या तरुण पोरांनी नीट वाचायला हवं. चांभार समाजातला हा माणूस पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदान सांभाळायच्या कामाला होता. साहेब लोकांना नेटमध्ये तो तासन्‌तास गोलंदाजी करायचा. त्यातून देशातला सर्वांत मोठा डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. पण नेटमध्ये त्याच्या हातात कुणी बॅट दिली नाही. घाम गाळायचं काम त्याचं, फलंदाजीचा सराव साहेबांचा. पुढे हिंदू संघात तो आला तेव्हा चहा वेगळ्या भांड्यात, पॅव्हेलियनच्या बाहेर. संघाचा कर्णधार तो कधीच झाला नाही. तो मान 1923 मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाला. रामचंद्र गुहांनी लिहिलं आहे की इंग्लंडहून आलेल्या बाळूच्या सत्काराचं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिलं होतं. (1937 च्या निवडणुकीत हाच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला, हाही इतिहास आहे. तो लपवायची गरज नाही.) म्हणून कोणी म्हणालं की खेळ हा चळवळीचा विषय नाही, तर त्याला बाळूपासून सुरुवात करायला सांगा.

आता फुटबॉलकडे येऊ. हा खेळ पायाने खेळतात असं वाटतं, तो खेळतात डोक्याने. नॉर्वेचे संशोधक गैर यॉर्देत यांनी मोठ्या खेळाडूंच्या मानेच्या हालचाली मोजल्या आहेत. बॉल पायाशी येण्याआधीच्या काही सेकंदांत चांगला खेळाडू पुन्हा पुन्हा मागे-बाजूला नजर टाकतो. स्पेनचा झावी यात सगळ्यांच्या पुढे. म्हणजे बॉल मिळायच्या आधीच पुढचा पास ठरलेला असतो. आमची पोरं त्या दिवशी समोरच्यांपेक्षा कमी पळाली नाहीत. जास्तच पळाली. सगळी बॉलच्या मागे पळाली, दहाच्या दहा. समोरची पोरं मोकळ्या जागेत उभी होती आणि बॉल त्यांच्याकडे जात होता. मोकळी जागा बघायला डोळे लागतात, पण ती बघायची असते हे कुणीतरी सांगावं लागतं. आठव्या-दहाव्या वर्षी सांगितलं तर ते अंगात मुरतं. पंधराव्या वर्षी सांगितलं तर पोर ऐकतं, मान हलवतं आणि पुन्हा बॉलमागे पळतं.

आणि आपल्याकडे जे कोचिंग म्हणून चालतं ते काय असतं? एक बॉल, तीस पोरं, लांबलचक रांग. एक जण गोलवर मारतो, बाकीचे एकोणतीस उभे. तासाभरात एका पोराच्या पायाला बॉल चार-पाचदा लागतो. त्यात शेवटची पंधरा मिनिटं गुरुजी शिट्टी वाजवून अकरा-अकराची मॅच लावतात, ज्यात दोन दांडगी पोरं खेळतात आणि बाकीची बघतात. याउलट चार-चारचे छोटे संघ करून छोट्या मैदानावर खेळवलं, तर त्याच तासात प्रत्येक पोराला कित्येक पटीने जास्त वेळा बॉल मिळतो, जास्त वेळा निर्णय घ्यावा लागतो. जर्मनीसारख्या देशाने लहान मुलांसाठी तीन-तीनचे, चार छोट्या गोलचे सामने आणले ते यासाठीच. याला स्टेडियम लागत नाही. आश्रमशाळेच्या मागच्या धानाच्या मोकळ्या बांधीत, उन्हाळ्यात चार काठ्या रोवून हे होतं. लागतं ते फक्त हे ठाऊक असलेलं एक माणूस. तेच आमच्याकडे नाही.

अडाणी कोचिंगने नुसते सामने हरत नाहीत. जीव जातो. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल आहे. माडिया, गोंड, परधान वस्त्यांत आहे, तसाच आपल्या बौद्ध वस्त्यांतही आहे. हे आपण लग्न जुळवताना कुजबुजतो आणि मैदानावर विसरतो. एसएस असलेल्या मुलाला उन्हात, पाण्याविना दमवलं तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना सुरू होतात. आणि एएस, म्हणजे नुसता वाहक, जो एरवी ठणठणीत असतो, तोही जबरदस्तीच्या सलग पळण्याने कोसळू शकतो. अमेरिकेत राइस विद्यापीठाचा एक खेळाडू 2006 मध्ये असाच सरावानंतर गेला, आणि 2010 पासून तिथल्या मोठ्या विद्यापीठीय संघांत येणाऱ्या नव्या खेळाडूंसाठी सिकलसेलच्या तपासणीची व्यवस्था झाली. आमच्याकडे? एका शाळेत आठवीतली मुलगी सरावाला उशिरा आली म्हणून तिला मैदानाला दहा राउंड मारायला लावले. सातव्या राउंडला ती खाली बसली. "नाटक करते" म्हणून आणखी पाच मिनिटं तशीच बसू दिली. ग्रामीण रुग्णालयात नेल्यावर ती वाचली. तिचा सिकलसेलचा रिपोर्ट शाळेच्याच कपाटात होता. शिट्टी वाजवणाऱ्याला तो वाचायचा असतो हे कोणी शिकवलंच नव्हतं. ज्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा सत्तेचाळीसच्या वर जातो, तिथे पाणी कधी द्यायचं, सराव किती वाजता घ्यायचा, कोणाला कधी थांबवायचं हे प्रशिक्षणाचं पहिलं पान आहे. आमची पहिली मागणी गोलची नाही. प्रत्येक शाळेत खेळणाऱ्या मुलांच्या सिकलसेल तपासणीची नोंद कोचच्या हातात असली पाहिजे, आणि राउंड मारण्याची शिक्षा बंद झाली पाहिजे, ही आहे.

"अहो, पण आदिवासी पोरांना असलं शास्त्रीय प्रशिक्षण झेपेल का?" असं उघड कोणी विचारत नाही, पण मनात असतं. त्याचं उत्तर 2018 च्या मे महिन्यात मिळालेलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची दहा मुलं मिशन शौर्यमध्ये निवडली गेली. त्यांना आधी दार्जिलिंगला आणि लडाखला नेऊन महिनोन्‌महिने शिकवलं. ज्यांनी आधी बर्फ पाहिला नव्हता, त्यांतली पाच जणं एव्हरेस्टच्या शिखरावर पोचली. ती रक्तातल्या गिर्यारोहणामुळे पोचली का? जिवतीच्या पठारावर हिमनदी नाही. शिकवलं म्हणून पोचली. आमचा आक्षेप इतकाच आहे की एकदा शिखर सर झालं, फोटो निघाले, आणि त्यातला धडा फायलीत गेला. पाच जणांना शिखरावर नेण्यापेक्षा पाचशे जणांना रोज तासभर नीट खेळवणं कमी फोटोजेनिक आहे.

आइसलंड नावाचा देश आहे. 2018 मध्ये लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास होती. 2011 च्या जनगणनेत एकट्या गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या 10 लाख 72 हजार होती. म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या एक तृतीयांश. तिथे लांबलचक, अंधारा हिवाळा आणि बर्फ. त्या देशाने 2016 च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला 2-1 ने घरी पाठवलं आणि 2018 चा विश्वचषक खेळला. त्यांनी काय केलं? परदेशी स्टार आणले नाहीत. थंडीत खेळता येईल अशी बंदिस्त मैदानं बांधली आणि शेकडो लोकांना युरोपियन फुटबॉल संघटनेचं प्रशिक्षक लायसन्स मिळवून दिलं. सहा वर्षांच्या पोराला शिकवणारा माणूसही तिथे शिकलेला आणि पगारी असतो. त्यांचा राष्ट्रीय कोच हाल्ग्रिमसन पेशाने दातांचा डॉक्टर होता. आम्ही भोळे नाही. आइसलंड श्रीमंत देश आहे आणि एटापल्ली श्रीमंत नाही. पण एटापल्लीच्या डोंगरातून जे लोखंड जातं ते गरीब नाही.

पैशाचं बोलू या. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलं आहे की सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवा. शाळेला मैदान हवं. समग्र शिक्षा अभियानात खेळाच्या साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला 5,000, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिकला 25,000 रुपयांपर्यंतची तरतूद आहे. तुमच्या गावच्या शाळेत ते कशावर गेले? माहिती अधिकाराचा एक अर्ज, दहा रुपयांचा. आणि कंपन्या: कोळसा, सिमेंट, कागद, लोखंड, वीज, सगळे इथेच आहेत. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत सामाजिक जबाबदारीच्या खर्चात खेळाचा उल्लेख आहे, आणि तिथे शब्द आहे "प्रशिक्षण". ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांसाठीचं प्रशिक्षण. टी-शर्ट नाही. आम्ही पाहतो ते असं की टी-शर्ट वाटले जातात, कारण टी-शर्टवर कंपनीचं नाव छापता येतं आणि कोचच्या पगारावर येत नाही. कोणी मोफत टी-शर्ट द्यायला आलं तर घ्या, पण घेताना विचारा: साहेब, शिकवायला माणूस कधी देता?

आता स्पर्धांची रचना. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. हरला की घरी. ज्या संघाला सामन्यांची सर्वांत जास्त गरज आहे त्याला सर्वांत कमी सामने, वर्षाला एक. आणि सुब्रतो कपच्या जिल्हा फेऱ्या कधी? ऐन पावसाळ्यात. तेव्हा पर्लकोटेला पूर असतो आणि भामरागड जगापासून तुटलेलं असतं. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या वर. वेळापत्रक बनवणाऱ्याने जातीयवाद केला असं आम्ही म्हणत नाही. त्याने नकाशा पाहिला नाही, एवढंच म्हणतो. पण न पाहण्याची सवड नेहमी एकाच बाजूला मिळते. उपाय साधा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, धान कापून झाल्यावर, जवळच्या सहा-आठ आश्रमशाळा आणि जिल्हा परिषद शाळांची लीग. दर रविवारी एक सामना. हरलं तरी पुढच्या रविवारी पुन्हा. प्रकल्प कार्यालयं चंद्रपूर, चिमूर, गडचिरोली, अहेरी, भामरागड इथे आहेतच. त्यांनी आपापल्या हद्दीत ती घ्यावी.

मुलींचं वेगळं सांगतो. 11 ऑक्टोबर 2022 रोजी भुवनेश्वरला सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकात भारत अमेरिकेकडून 8-0 ने हरला. कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी, अष्टम उरांव. तिच्या सन्मानार्थ प्रशासनाने तिच्या घरापर्यंत रस्ता बांधायला घेतला, आणि त्या रस्त्यावर तिचेच आईबाप रोजंदारीवर काम करत होते. ही बातमी तेव्हा सगळीकडे "प्रेरणादायी" म्हणून फिरली. आम्हाला ती वाचून लाज वाटली. त्या आठ गोलांसाठी त्या मुलींना जबाबदार धरू नका. समोरच्या मुली लहानपणापासून क्लबात शिकत आलेल्या होत्या.

'झुंड' आपण सगळ्यांनी पाहिला. 2022 मध्ये थिएटरात जयंतीच्या दृश्याला शिट्ट्या आपणच वाजवल्या. नागराज मंजुळेंनी मोठ्या पडद्यावर बाबासाहेबांची तसबीर आणि वस्तीतली पोरं एकत्र दाखवली, हे ऋण आहे. नागपूरचे विजय बारसे सर आणि त्यांचं स्लम सॉकर खरं आहे, 2001 पासूनचं काम खरं आहे. पण चित्रपट बघून बाहेर पडताना एक चुकीचा धडा सोबत येतो: एक देवमाणूस भेटला की पोरं सुधारतात. आम्हाला देवमाणूस नको. देवमाणूस निवृत्त होतो, आजारी पडतो, त्याच्यावर चित्रपट निघतो. आम्हाला पगारी, प्रशिक्षित आणि बदली झाली तर जागेवर दुसरा येईल असा कोच पाहिजे. नशिबाने मिळते ती दया असते. नियमाने मिळतो तो हक्क. हा फरक आंबेडकरी माणसाला समजावून सांगायची गरज नसावी.

आता आपल्या घरचं, आणि हे काहींना बोचेल. आपल्या मंडळांचा 14 एप्रिलचा खर्च काढा. डीजे किती, बॅनर किती, डे-नाईट टेनिस बॉल क्रिकेटचं पहिलं बक्षीस किती. ते बक्षीस जिंकतो कोण? बाहेरून पैसे देऊन आणलेल्या खेळाडूंचा संघ. आपल्या वस्तीतली बारा वर्षांची पोरं बाउंड्रीबाहेरचे बॉल आणून देतात. बाळूपासून आपण किती पुढे आलो?

काही मित्र म्हणतात, आपल्या पोरांनी एमपीएससी करावी, फुटबॉलने पोट भरत नाही. बरोबर आहे, शंभरातली नव्व्याण्णव पोरं फुटबॉलवर जगणार नाहीत. पण पहाटे पाचला चामोर्शी रोडवर जा. शेकडो पोरंपोरी पळताना दिसतील, सोळाशे मीटर आणि आठशे मीटर, पोलीस भरतीसाठी. कोणाच्या गुडघ्याला सूज, कोणाची नडगी दुखते, बूट फाटलेले, यूट्यूब बघून सराव. आमची पोरं शरीराच्या जोरावर नोकरी मिळवायला निघालीच आहेत. प्रश्न त्यांना शिकवणारा असेल की नाही एवढाच आहे. आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्या जागांवर कोणाची पोरं जातात? ज्यांना राज्य स्पर्धेपर्यंत पोचवणारा कोच मिळतो त्यांची. आरक्षण आहे आणि त्याचा जिना नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं की खेळाडू नंतर घडवू, आधी कोच घडवू. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स ही पहिली पायरी. मग सी, बी, ए. हे कोर्स बहुतेक मोठ्या शहरांत होतात आणि शिकवणी इंग्रजी-हिंदीत. अहेरीच्या बारावी पास पोराला फी, प्रवास, राहणं आणि बुडालेली मजुरी, सगळं मिळून ते परवडत नाही. तरीही हे ज्ञान घ्यायलाच हवं. विद्येवरचा ताबा मोडायचा म्हणजे फक्त पदवीचा कागद मिळवायचा असं नाही. मैदानाच्या कडेला उभं राहून सूचना देणाराही आपला असला पाहिजे, गोंडीत, माडियात, झाडीबोलीत सांगणारा. संघाचा फलक हातात असलेली आपली ताई पाहून जी मुलगी मैदानावर येईल, ती कोणत्याही पाहुण्याच्या भाषणाने येणार नाही.

चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर, जिथे 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तिथे येत्या 15 आणि 16 ऑक्टोबरला आम्ही पुस्तकांच्या स्टॉललगत एक टेबल लावतो आहोत. दोन्ही जिल्ह्यांतल्या, अठरा पूर्ण झालेल्या तरुण-तरुणींची नावं डी लायसन्ससाठी घेऊ. अनुभवाची अट नाही. ज्या मंडळांनी जयंतीच्या खर्चातून एका जणाची फी उचलायचं कबूल केलं आहे, त्यांची यादी टेबलावर असेल. उरलेल्या मंडळांनी येऊन नाव घालावं. माहिती अधिकाराच्या अर्जाचे छापील नमुने तिथेच मिळतील, फक्त शाळेचं नाव भरायचं. निवड झालेल्यांनी परत येऊन एका शाळेत किमान दोन वर्षं शिकवायचं आहे, आणि त्याचं मानधन मंडळ देईल, फुकट काम कोणी करायचं नाही. अर्ध्या जागा मुलींच्या आहेत. त्या रिकाम्या राहिल्या तर मुलांना देणार नाही, पुढच्या वर्षासाठी रिकाम्याच ठेवू.